माझ्या इंजिनाचा चोर

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. गोष्ट सांगताना मध्ये कुणी हसलं की माझं डोकं सटकतं. तसं ते एरवीही सटकलेलंच असतं म्हणा! लिलीला विचारा, माझ्या बायकोला. ती सांगते, ह्यांच्या रागाला किल्ली लागत नाही, सकाळी आपोआप सुरू होतो.

पण त्या वर्षी मी जो राग केला ना, तसा जन्मात केला नव्हता. सिनेगॉगमध्ये, म्हणजे आमच्या ज्यू लोकांच्या प्रार्थनामंदिरात केला, भर शब्बाथच्या दिवशी, शनिवारच्या पवित्र सुट्टीला केला, आणि कुणावर केला? ज्याच्यावर करायला हवा होता तो एक गाढव सोडून बाकी सगळ्यांवर! त्या गाढवाची ओळख पुढे होईलच. तुम्ही चहा घ्या.

मी सॉली. सोलोमन असं पूर्ण नाव फक्त सरकारी कागदावर. मुंबईला मिलमध्ये फिटर होतो, एकाहत्तरला इस्रायलमध्ये बेर्शेबाला आलो, इथेही कारखान्यात फिटरच. दोन वर्षांनी एक गोरा इंजिनिअर देश सोडून चालला होता, त्याची गाडी घेतली. इंग्लिश बनावटीची, चौसष्ट सालची, फिकट हिरवी, चार दारांची. आमच्या अख्ख्या बिल्डिंगीतली पहिली गाडी! दोन्ही पोरी जन्मल्यावर ह्याच गाडीतून घरी आल्या. वाळवंटातला उन्हाळा तिने काढला, खमसीनच्या गरम वाऱ्याची धूळ खाल्ली, पण मला कधी रस्त्यात सोडलं नाही. माणसांनी सोडलंय. गाडीने नाही.

तर पंच्याण्णवच्या हिवाळ्यात लिलीच्या छातीत कळ आली. तिचा चेहरा पांढराफटक. मी कुणाला फोनबिन केला नाही. उचललं, गाडीत घातलं आणि सगळे लाल सिग्नल तोडत हॉस्पिटल गाठलं. डॉक्टर म्हणाला, हृदयाची झडप गेलीय, ऑपरेशन करायला लागेल. तिला आत नेलं आणि मी बाहेर कॉरिडॉरमध्ये भिंतीला डोकं टेकून उभा. आम्ही बेने इस्रायल लोक अशा वेळी कुणाला हाक मारतो? एलियाहू हन्नाबीला, आमच्या प्रेषिताला. मी म्हणालो, 'बाबा, हिला बरी कर. हिला ह्याच गाडीत बसवून हैफाला तुझ्या गुहेवर आणीन आणि मलिदा करीन.' मलिदा म्हणजे आमचं नवसाचं ताट: गोड पोहे, खोबरं, फळं.

लिली बरी झाली. खडखडीत! घरी आल्यावर तिला नवस सांगितला, तर आनंद व्हायचा सोडून ती मलाच बोलायला लागली.

"'ह्याच गाडीत' असं कशाला बोललात?"

"मग काय बोलायचं?"

"नुसतं 'आणीन' बोलायचं! बसने गेलो असतो. एलियाहू हन्नाबी काय दारात उभा राहून तिकीट बघतो?"

आता नवस बोलताना कुणी वकील घेऊन बसतं का, तुम्हीच सांगा. बोललो ते बोललो. शब्द दिला म्हणजे दिला.

आणि नेमकी त्याच वर्षी गाडीने टेस्टला मान टाकली. टेस्ट म्हणजे आमच्याकडे गाडीची सरकारी तपासणी. तिथला माणूस गाडीकडे असा बघत होता, जणू मी उंट घेऊन आलोय. म्हणाला, ही रोजच्या वापराला आता पास होणार नाही. तीस वर्षं झाली ना, मग 'अस्पनुत'चा कागद आण, म्हणजे जपून ठेवलेली जुनी गाडी अशी नोंद. तो मिळाला तर रस्त्यावर चालव. नाही मिळाला तर नंबरपट्ट्या काढून दे आणि गाडी भंगारात घाल.

भंगारात! माझी गाडी! मी त्याला काय बोललो ते इथे सांगत नाही, पोरीबाळी बसल्यात.

त्या कागदासाठी अट अशी की गाडी अस्सल पाहिजे. जशी कारखान्यातून निघाली तशी. त्यासाठी एक तज्ज्ञ येतो, त्याला 'शमाई' म्हणतात. तो प्रत्येक भागावरचा सिरियल नंबर त्याच्या जाडजूड याद्यांशी लावून बघतो. चॅसिसचा नंबर, इंजिनाचा नंबर, गिअरबॉक्सचा, डायनॅमोचा, अगदी काचेच्या कोपऱ्यातले बारीक आकडेसुद्धा. एरवी टेस्टवाले चॅसिसचा नंबर बघून सोडायचे. हा मात्र सगळं बघणार होता.

मी म्हटलं, बघू दे! माझ्या गाडीत एक स्क्रू बाहेरचा नाही!

पण इंजिन धूर ओकत होतं, ते आधी खोलून घ्यायला हवं होतं. म्हणून गाडी बेंजीकडे दिली. बेंजी म्हणजे बेंजामिन, ठाण्याचा. आम्ही एकाच बोटीतून, म्हणजे एकाच विमानातून आलो. त्याचं गॅरेज इंडस्ट्रियल एरियात. बावीस वर्षं गाडी त्याच्याचकडे. आणि बावीस वर्षं मी एक नियम पाळला: गाडी गॅरेजमध्ये असली की मी समोर स्टूल टाकून बसायचो. मुंबईत शिकलेला माणूस मी! मेकॅनिककडे गाडी सोडून घरी गेलात की तुमचा नवा डायनॅमो दुसऱ्याच्या गाडीत आणि दुसऱ्याचा जुना तुमच्या गाडीत. बेंजी म्हणायचा, "सॉली, तू बसलास की माझ्या हातातून पाना पडतो." पडू दे. मी उठत नव्हतो.

ह्या वेळी मात्र लिली घरी, ऑपरेशन ताजं. औषधाच्या वेळा, तिचं पथ्याचं जेवण. तीन आठवडे गाडी गॅरेजमध्ये आणि माझं स्टूल रिकामं. आयुष्यात पहिल्यांदा मी गाडी एकटी सोडली. लक्षात ठेवा, कारण मी पण हेच लक्षात ठेवून बसलो होतो.

बेंजीने काम झकास केलं. भाग अन् भाग सुटा करून रॉकेलने धुतला, वीस वर्षांचा चिकटा काढला. बॉनेट उघडलं तर आत नुसतं चकाकत होतं. मग शमाई आला. गिदोन नावाचा, किडकिडीत, गळ्यात भिंग, हातात टॉर्च आणि खिशात खडू. मी म्हटलं चहा? नको. कॉफी? नको. बाई घरात चकल्या करतेय, एखादी? नको! असल्या माणसाचा मला आधीच राग येतो. दोन तास तो बॉनेटमध्ये अर्धा आत गेला होता, फक्त पाय बाहेर. मधूनच आतून 'त्सक, त्सक' असा आवाज यायचा. बाहेर आला, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही आणि गेला.

आठ दिवसांनी लिफाफा आला. हिब्रूत, आणि तेही हाताने खरडलेलं. मला हिब्रू बोलता येतं, भांडता तर फारच चांगलं येतं, पण असलं अक्षर वाचता येत नाही. धाकटी पोर ओरली घरी होती, तिला दिलं. ती वाचायला लागली आणि मध्येच थांबली.

"अब्बा, तू ओरडणार नाहीस ना?"

"मी कधी ओरडतो?" मी ओरडलो.

"लिहिलंय की इंजिनावरचा कारखान्याचा नंबर कानशीने घासून काढलाय. आणि इंजिनासकट सगळ्या पार्टांवर एक परका नंबर ठोकलाय. सगळ्यांवर तोच. म्हणजे इंजिन बदललेलं असणार, कदाचित चोरीचं. कागद नामंजूर."

लिली घाबरून माझ्यासाठी पाणी घेऊन आली, कारण मी गप्प बसलो की घरातल्यांना जास्त भीती वाटते.

इंजिन बदललेलं! कुणी बदललं? गाडी कुणाकडे होती? तीन आठवडे! स्टूल रिकामं! माझं सोन्यासारखं इंजिन काढून कुण्या चोरीच्या गाडीचं त्यात घातलं, नंबर घासला आणि वर रॉकेलने धुऊन चकाकवून दिलं, म्हणजे सॉली खूश! बेंजी! ज्याच्या पोरीच्या लग्नात मी तीन दिवस मंडपात राबलो, तो बेंजी!

"अहो, बेंजीभाऊ असं करणार नाहीत," लिली म्हणाली.

"मग इंजिन काय आपोआप पळून गेलं?"

"आधी शांतपणे विचारा तरी."

शांतपणे! ते माझ्या कुंडलीत आहे का?

तो दिवस शुक्रवारचा, संध्याकाळी शब्बाथ लागला, म्हणून गॅरेज बंद. रात्रभर मी ह्या कुशीवरून त्या कुशीवर. सकाळी सिनेगॉगमध्ये गेलो. बेंजी नेहमीच्या जागी बसलेला, मला बघून हसला. हसतो! प्रार्थना होईपर्यंत मी कसाबसा दम काढला. सगळे किद्दूशला, प्रार्थनेनंतरच्या खाण्यापिण्याला उठले, हातात द्राक्षरसाचे पेले, आणि मी मधल्या चौथऱ्यावर चढलो.

"बेंजी! माझं इंजिन कुठाय?"

बेंजीचा पेला तोंडाशीच राहिला.

"काय?"

"नाटक करू नकोस! माझं इंजिन कुणाला विकलंस? चोर! भावासारखा मानला तुला, आणि माझ्या बायकोच्या नवसाच्या गाडीतून इंजिन काढलंस?"

रूबेनकाका, जे आमच्याकडे प्रार्थना चालवतात, हात वर करून आले. "सॉली, आज शब्बाथ. धंद्याची गोष्ट इथे करायची नाही!"

"धंद्याची नाही काका, चोरीची आहे!"

"ती तर अजिबातच नाही!"

बेंजीने पेला खाली ठेवला. त्याचा चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढवला नाही. तो म्हणाला, "सॉली, रविवारी सकाळी दहाला गाडी घेऊन गॅरेजवर ये. त्या शमाईलाही घेऊन ये. ज्यांना यायचं त्यांनी सगळ्यांनी या. इंजिन माझ्या हातून बदललेलं निघालं तर मी गॅरेजला कायमचं कुलूप लावीन."

"आणि नाही निघालं तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"ते सॉलीने ठरवावं," बेंजी म्हणाला आणि बायकोला घेऊन घरी गेला. त्या दिवशी किद्दूशला कुणी धड खाल्लंसुद्धा नाही.

रविवारी गॅरेजवर हीऽऽ गर्दी. आमच्याकडे रविवार कामाचा दिवस, पण अर्ध्या सिनेगॉगने सुट्टी टाकली होती. माणसं सूर्यफुलाच्या बिया फोडत उभी. रूबेनकाकांना खुर्ची दिली. गिदोन आला, कपाळावर आठ्या. मी त्याला आदल्या रात्री फोनवर इतका धरला होता की तो यायला नाही म्हणूच शकला नाही.

बेंजीने बॉनेट उघडलं आणि बाजूला झाला. हात मागे. "दाखवा."

गिदोनने खडू काढला. डायनॅमोवर एक गोल केला. कार्ब्युरेटरवर गोल. स्टार्टरवर, रेडिएटरच्या पट्टीवर, गिअरबॉक्सवर. प्रत्येक गोलात ठोकलेले तेच तीन आकडे. तो मोठ्याने वाचायचा, "अर्बा, श्तायिम, शेवा." चार, दोन, सात.

झालं! माझ्या अंगात आलं.

"बघा! बघा सगळ्यांनी! अर्बा, श्तायिम, शेवा! हा कोण आहे अर्बा-श्तायिम-शेवा? कुणाच्या गाडीचे पार्ट आहेत हे? शोधा त्याला! आत्ता पोलिसांना फोन लावा!"

"सावलानुत," गिदोन म्हणाला, जरा दम धर.

"कसला सावलानुत? हा अर्बा-श्तायिम-शेवा माझ्या समोर आला ना, तर ह्याच पान्याने त्याचं टाळकं फोडीन!"

मी खरोखरच पाना उचलला होता. चार लोकांनी मला धरलं. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत लिली आली. माझ्या रक्तदाबाची गोळी मी घरी विसरलो होतो, ती घेऊन ओरलीबरोबर टॅक्सीने आली होती. डॉक्टरने तिला जिने चढू नको सांगितलेलं आणि ही बाई गॅरेजमध्ये!

"काय गोंधळ लावलाय हा?" ती म्हणाली आणि बॉनेटमध्ये वाकली. चष्मा पुढे-मागे केला. डायनॅमोवर बोट ठेवलं. मग कार्ब्युरेटरवर.

"अहो," ती मराठीत म्हणाली, "हे तर चारशे सत्तावीस."

"हो! मग? तोच तर चोर!"

"अहो, *चारशे सत्तावीस.* आपल्या पातेल्यावर आहे. कुकरच्या झाकणावर आहे. माझ्या पोळपाटाच्या खाली आहे."

आता तुम्हाला म्हणून सांगतो. मिलमध्ये प्रत्येक कामगाराला पितळी बिल्ला असायचा, त्यावर नंबर. पगार त्या नंबराने, हजेरी त्या नंबराने, साहेबाची शिवीसुद्धा त्या नंबराने. माझा नंबर चारशे सत्तावीस. वीस वर्षं तो मराठीत ऐकलेला. हिब्रूत एक-एक आकडा सुटा करून कुणी म्हटला तर तो माझ्या कानाला लागलाच नाही हो! आणि माझ्याकडे आकडे ठोकायचे पंच होते, मुंबईहून ट्रंकेत घालून आणलेले. लोकांच्या बायका भांड्यांवर नाव घालून घेतात ना, तसं मी घरातल्या प्रत्येक भांड्यावर माझा बिल्ला नंबर ठोकला होता. आणि त्र्याहत्तर साली गाडी घेतली तेव्हा पहिल्याच आठवड्यात, गॅरेजवाल्याने पार्ट बदलू नयेत म्हणून, खूण असावी म्हणून...

पाना माझ्या हातातून खाली पडला.

सगळं आठवलं. बिल्डिंगीच्या मागचं अंगण, पसरलेली गोणी, आणि मी एक-एक भाग काढून ठकाठक नंबर ठोकतोय. नंतर त्यावर वीस वर्षं तेल-मळ बसला आणि मी विसरून गेलो. तुम्हाला परवा काय खाल्लं ते तरी आठवतं का?

"पण इंजिन?" मी म्हणालो. आवाज कुणाचा होता कोण जाणे, माझा वाटत नव्हता. "इंजिनाचा नंबर कुणी घासला?"

गिदोनने टॉर्च मारला. इंजिनाच्या बाजूला एक सपाट पट्टी होती. गुळगुळीत, आरशासारखी. मधोमध, अगदी रेषेत, ४२७.

ते काम बघितल्याबरोबर मला कळलं. इतकी सरळ कानस बेर्शेबात दुसरा कुणी मारत नाही. त्या पट्टीवर कसलेतरी उठलेले आकडे-अक्षरं होती, खडबडीत. माझा पंच नीट बसत नव्हता. म्हणून मीच ते घासून साफ केलं, लेव्हल लावून बघितलं आणि मग नंबर ठोकला. फिटर ना मी! काम सुबक पाहिजे!

"ज्याने कुणी हे केलं," गिदोन गंभीरपणे म्हणाला, "तो एकतर चोर असणार, नाहीतर गाढव."

"चोर नाही," बेंजी म्हणाला. "एवढं मी लिहून देतो."

आणि मग जे हसणं सुरू झालं! रूबेनकाका खुर्चीवरून घसरले. ओरली भिंतीला टेकून रडत होती, हसून हसून. गिदोनला कुणीतरी हिब्रूत सगळं समजावलं, तर तोही हसला. चकली नको म्हणणारा माणूस! फक्त बेंजी हसला नाही. त्याने बॉनेट लावलं, हात पुसले आणि आत निघून गेला. त्याचं ते न हसणं मला सगळ्यांत जास्त लागलं.

गिदोन म्हणाला, "बाकीचे पार्ट मी पुन्हा बघितले. कारखान्याचे नंबर तुझ्या नंबराच्या शेजारी शाबूत आहेत. इतकी अस्सल गाडी मी कमी बघितलीय. पण बिननंबराचं इंजिन मी पास करू शकत नाही. एकच मार्ग आहे. मित्स्पे रामोनला एकाकडे ह्याच वर्षाची, ह्याच मॉडेलची गाडी आपटून पडलीय. तिचं इंजिन चांगलं आहे, त्यावर नंबर स्वच्छ आहे. ते बसव, मी कागद देतो."

"म्हणजे इंजिन बदलू?"

"हो."

"दुसऱ्याचं इंजिन? माझ्या गाडीत? मेलो तरी नाही!"

मी घरी आलो आणि आठ दिवस कुणाशी बोललो नाही. राग, राग, नुसता राग! गिदोनवर राग, सरकारवर राग, त्या इंग्लिश कारखान्यावर राग. इतका महत्त्वाचा नंबर असल्या कोपऱ्यात कशाला घालतात? तिथे बारीक लिहायचं तरी, 'घासू नये'! आणि खरं सांगू, सगळ्यांत जास्त राग त्या कानशीवर. ती मी खिडकीतून फेकून दिली, मग खाली जाऊन परत आणली. चांगली कानस होती.

नवव्या दिवशी लिली माझ्यासमोर येऊन बसली.

"गाडीचं काय ठरवलंत?"

"भंगारात देतो. पण परकं इंजिन घालणार नाही. मग ती आपली गाडी कसली?"

लिलीने पर्स उघडली. आतून एक छोटं कार्ड काढून माझ्या हातात दिलं. हॉस्पिटलचं होतं. नाव, तारीख आणि खाली लांबलचक आकडे.

"हे काय?"

"माझ्या छातीत जी झडप बसवलीय ना, तिचा सिरियल नंबर. हे कार्ड नेहमी जवळ ठेवायचं असतं." तिने माझ्याकडे बघितलं. "परका पार्ट आहे. मूळचा नाही. मग मी आता तुमची बायको कसली? मलाही भंगारात देताय का?"

"अगं, तुझी गोष्ट वेगळी आहे!"

"कशी वेगळी? नवस कुणासाठी केला होतात? इंजिनासाठी?"

हॉस्पिटलच्या भिंतीला डोकं टेकून मी काय मागत होतो, ते मला पुन्हा आठवलं. कार्ड परत तिच्या हातात दिलं आणि चपला घातल्या.

"कुठे निघालात?"

"बेंजीकडे."

"शांतपणे बोला!"

बेंजी एका गाडीखाली झोपून काम करत होता. फक्त बूट दिसत होते. मी बुटांना म्हणालो, "बेंजी, माझं चुकलं."

बूट हलले नाहीत.

"बेंजी, मी मूर्ख आहे. मित्स्पे रामोनहून ते इंजिन आणायचंय. ते बसवशील?"

मग खालून बेंजी म्हणाला, "बसवतो. पण हे इथे नाही मागायचं. जिथे चोर म्हणालास ना, तिथे माग. तसंच चौथऱ्यावर चढून. तेवढ्याच आवाजात."

"अरे, शब्बाथला कामाची गोष्ट कशी..."

"ते रूबेनकाकांना विचार. चोर म्हणताना विचारलं होतंस का?"

नवस फिटला, ते आधी सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. इंजिन बसलं, गिदोनने कागद दिला, आम्ही ह्याच गाडीतून हैफाला गेलो, गुहेवर मलिदा झाला, बेंजी आणि त्याची बायको मागच्या सीटवर होते. तिथपर्यंत सगळं ठीक. पण त्याआधीचा तो शब्बाथ!

मी रूबेनकाकांना विचारलं. मला वाटलं, ते धंद्याची गोष्ट म्हणून नाही म्हणतील आणि माझी सुटका होईल. काका दाढी खाजवत म्हणाले, "धंद्याची गोष्ट शब्बाथला चालत नाही. पण ही धंद्याची नाही, ही तर तोबा आहे, पश्चात्ताप. ती कधीही चालते." आणि वर शेजारच्या दोन सिनेगॉगना निरोप पाठवले! म्हणजे नेहमी साठ माणसं असतात तिथे दीडशे. बायकांची बाजू गच्च.

प्रार्थना संपली. मी चौथऱ्यावर चढलो. बेंजी अगदी मागच्या बाकावर जाऊन बसलेला, मुद्दाम.

मी पुटपुटलो, "बेंजी, मी तुला चोर म्हणालो. तू चोर नाहीस. गाढव मी आहे. माझ्या गाडीचं इंजिन... बदलून दे."

बेंजीने कानामागे हात धरला. "मागे ऐकू येत नाही!"

दीडशे माणसं माना वळवून माझ्याकडे बघायला लागली. बघा, हा माझा स्वभाव. माफी मागायला उभा होतो, तिथेही माझं डोकं सटकलं! मी छाती भरून ओरडलो, "बेंजी! माझ्या गाडीचं इंजिन बदल!"

आणि सगळं सिनेगॉग एका सुरात म्हणालं, "आमेन!"

त्यातला सगळ्यांत खणखणीत आमेन बायकांच्या बाजूने आला. आवाज कुणाचा, ते मला वळून बघावं लागलं नाही. झडप उत्तम चालली होती.